हात वर

विमानाने प्रवास करणाऱ्या माणसाला विमानातली दोनच माणसं ठाऊक असतात. एक पायलट आणि दुसरी हवाईसुंदरी. पायलट दिसत नाही, नुसता ऐकू येतो. आणि तोही असा, की दुपारच्या झोपेतून नुकताच उठलाय आणि चहा यायच्या आत आपल्याशी दोन शब्द बोलून घेतोय. हवाईसुंदरी दिसते, पण ती काय सांगते ते ऐकू येत नाही. कारण नेमके त्याच वेळी आपण कमरेच्या पट्ट्याचं दुसरं टोक शोधत असतो आणि त्या टोकावर शेजारचे गृहस्थ बसलेले असतात. पण ह्या दोघांखेरीज एक तिसरी जमात आहे. ती दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. विमानाच्या पोटात शिरून, आडवं पडून, तोंडात टॉर्च धरून, तारांच्या जंगलात एकच तार हुडकत बसणारी ही जमात. इंग्रजीत तिचं नाव मोठं भारदस्त आहे : इलेक्ट्रिकल आणि एव्हिऑनिक्स मेकॅनिक. मराठीत तिला काय म्हणायचं, हा प्रश्न आमच्या आजोळी, वाईला, एकदा फार गंभीरपणे चर्चेला आला होता.

माझे धाकटे मामा ह्या जमातीतले. सांताक्रूझला एका विमान कंपनीत नोकरीला होते. आजी सगळ्या आळीत सांगायची, "आमचा धाकटा विमानात असतो." आळीने त्याचा सरळ अर्थ घेतला. गणपतीला मामा आले की ओटीवर दरबार भरायचा. "काय रे, वरून मेणवलीचा घाट दिसतो का?" "पाचगणी पायाखाली येते म्हणजे गार वाटत असेल, नाही?" असे प्रश्न. मामा सत्यवचनी. एका वर्षी त्यांनी सांगून टाकलं, "अहो, मी विमान उडवत नाही. त्यातल्या विजेचं काम बघतो." ओटीवर शांतता पसरली. मग पलीकडच्या वाड्यातल्या आजोबांनी निकाल दिला, "म्हणजे वायरमन!" वाईत त्या काळी वायरमन म्हणजे वीज गेल्यावर जो कुठेच सापडत नाही तो. आजीने पुढचे दोन दिवस आळीत तोंड दाखवलं नाही.

'एव्हिऑनिक्स' हा शब्द मामीला शेवटपर्यंत जमला नाही. ती तो 'अ‍ॅव्होमिन'च्या चालीवर म्हणायची. एसटीत घाटातून जाताना पोटात ढवळू नये म्हणून घेतात, ती गोळी. त्यामुळे जावईबापू विमानात गोळ्या वाटतात असा तिच्या माहेरी बरीच वर्षं समज होता. वास्तविक तो शब्दही काही वेदांतून आलेला नाही. एव्हिएशनचं डोकं आणि इलेक्ट्रॉनिक्सची शेपटी जोडून फिलिप क्लास नावाच्या अमेरिकन पत्रकाराने तो १९४९ च्या सुमारास रूढ केला असं मानतात. अर्थ साधा आहे. इंजिन म्हणजे विमानाचे पाय, पंख म्हणजे हात. उरलेले डोळे, कान, तोंड आणि डोकं म्हणजे एव्हिऑनिक्स.

मामांमुळे मला ह्या धंद्याच्या इतिहासाचा नाद लागला. तो वाचताना एक मौज ध्यानात आली. हा इतिहास म्हणजे हात वर करण्याचा इतिहास आहे. आता मराठीत हात वर करणं म्हणजे 'आपला काही संबंध नाही' असं जाहीर करणं. पंगतीत जिलबी कमी पडली की आचारी हात वर करतो, पोरगा नापास झाला की क्लासवाले हात वर करतात, आणि पूल पडला की कोण कोण हात वर करतात ते आपण पेपरात वाचतोच. विमानाच्या इतिहासातही माणसांनी हात वर केले. पण तिथे एकाने हात वर केले की दुसऱ्या कुणाचे तरी हात कायमचे अडकले. ते दुसरे हात म्हणजे आमच्या मामांची जमात.

सुरुवात ठिणगीपासून झाली. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूत राइट बंधूंचं पहिलं उड्डाण झालं. बारा सेकंद, १२० फूट. एवढ्या वेळात आपल्याकडे नवरदेवाचं मुंडावळ्यांचं एक टोकही बांधून होत नाही. त्या विमानात दिवा नाही, रेडिओ नाही, काही नाही. वीज होती ती फक्त इंजिनात ठिणगी पाडण्यापुरती. सुरू करताना कोरड्या बॅटऱ्या, आणि एकदा का इंजिन फिरू लागलं की मॅग्नेटो. ते इंजिन कुणी केलं? तर चार्ली टेलर नावाच्या, राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानात कामाला असलेल्या मेकॅनिकनं. सहा आठवड्यांत केलं, आणि तेही धड नकाशे नसताना, कागदाच्या चिटोऱ्यांवरच्या आकृत्या बघून. मग विमान उडताना हा पठ्ठ्या कुठे होता? डेटनला, दुकान सांभाळत! म्हणजे परंपरा पहिल्याच दिवशी ठरली. उडवील त्याचा फोटो निघायचा आणि जोडील त्याने दुकान बघायचं.

पुढे १९१० मध्ये मॅककर्डी नावाच्या कॅनडाच्या वैमानिकाने न्यूयॉर्कजवळ उडत्या विमानातून बिनतारी संदेश पाठवला आणि विमानाला वाचा फुटली. पहिल्या काळात ह्या बिनतारी संदेशासाठी विमानाच्या मागे चांगली लांबलचक तार सोडावी लागे. बिनतारीला तार का, असं विचारायचं नाही. बिनपाण्याच्या भांगेलाही बायका थोडं पाणी घेतातच. उतरायच्या आधी ती तार गुंडाळून घ्यायची. विसरलं तर पतंगाच्या मांजासारखी ती कुठे अडकेल ह्याचा नेम नाही. मामा म्हणायचे, "आमच्या धंद्यातली पहिली सूचना हीच असणार : उतरण्यापूर्वी शेपूट आवरावी."

पण हात वर करायचा पहिला सोहळा झाला १८ जून १९१४ ला, पॅरिसजवळ सीन नदीवर. विमानांच्या सुरक्षिततेची स्पर्धा होती आणि बक्षीस होतं ५० हजार फ्रँक. लॉरेन्स स्पेरी हा एकवीस वर्षांचा अमेरिकन पोरगा आपलं विमान घेऊन आला. त्याने विमानात भोवरे बसवले होते. आपण लहानपणी खेळायचो तेच भोवरे, जातकुळी तीच. जोरात फिरणारा भोवरा कलंडायला तयार नसतो. त्याला धरून विमान सावरायचं, ही कल्पना. पंचांसमोरून विमान गेलं तेव्हा स्पेरीने दोन्ही हात वर केले. विमान सरळ चाललेलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीला त्याचा फ्रेंच मेकॅनिक एमिल काशँ उठला आणि उडत्या विमानाच्या पंखावर चालत गेला. एका बाजूला वजन पडलं, भोवऱ्यांनी विमान तोललं, आणि स्पेरीचे हात वरच. तिसऱ्या फेरीला तर एका पंखावर हा, दुसऱ्या पंखावर तो, आणि मधली खुर्ची रिकामी. बक्षीस स्पेरीला मिळालं हे सांगायला नको. इतिहासाच्या पुस्तकात त्याचे हात आहेत. माझं लक्ष मात्र काशँच्या पायांकडे जातं. आपण जोडलेल्या यंत्रावर आपला किती विश्वास आहे हे सांगायला मेकॅनिकाला व्यासपीठ लागत नाही. तो पंखावर जाऊन उभा राहतो.

मामा ही गोष्ट सांगायचे आणि सांगून झाल्यावर मामीकडे बघायचे. मामी म्हणायची, "तुम्ही स्टुलावर चढून पंखा पुसा आधी."

दुसरे हात १९२९ सालचे. २४ सप्टेंबर, न्यूयॉर्कजवळचा मिचेल फील्ड. जिमी डूलिटल ह्या वैमानिकाने डोक्यावरून झाकण ओढून घेतलं, बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नाही अशी व्यवस्था केली, आणि नुसत्या काट्यांकडे बघत विमान वर नेलं, फिरवलं आणि पंधरा मिनिटांत परत उतरवलं. त्याच्या समोर स्पेरींच्या कारखान्यात झालेलं कृत्रिम क्षितिज होतं, कोल्समनचा उंचीमापक होता आणि कानाशी रेडिओ होता. पुढच्या खुर्चीवर लेफ्टनंट केल्सी नावाचा दुसरा वैमानिक होता, न जाणो काही झालं तर सावरायला. पण त्याने आपले हात बाहेर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की विमान ह्यानेच उतरवलं! त्या दिवसापर्यंत ढग आले की वैमानिक पोटाच्या भरवशावर उडे. आणि पोट खोटं बोलतं. ढगात शिरल्यावर विमान सरळ चाललंय की कलतंय हे माणसाच्या शरीराला नक्की कळत नाही. त्या दिवसापासून आकाशातलं क्षितिज एका डबीत आलं. आणि डबी म्हटली की ती उघडणारा, पुसणारा, तपासणारा आणि परत बसवणारा माणूस आलाच.

आपल्याकडे तीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि भारताची नियमित टपालसेवा सुरू झाली. त्या विमानात रेडिओ नव्हता. बोलायचं कुणाशी, हाही प्रश्नच होता. अहमदाबादला पेट्रोल आलं ते बैलगाडीतून, डब्यांत. आणि पावसाळ्यात जुहूच्या मैदानावर पाणी साचलं की सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं. पुण्याच्या लोकांना ह्यात नवल वाटलं नसावं. मुंबईत पाणी साचलं की शेवटी पुण्यालाच यावं लागतं, हे त्यांचं मत त्याच्याही आधीचं आहे.

तिथून पुढे तारा वाढत गेल्या. दिवे आले, रडार आलं, आपोआप उडवणारी यंत्रं आली, सैंपाकाची भट्टी आली. विमानातली वीजही वेगळी. आपल्या घरात २३० व्होल्ट आणि सेकंदाला ५० आवर्तनं. विमानात ११५ व्होल्ट आणि ४०० आवर्तनं. हे वेगळेपण नखऱ्यासाठी नाही. आवर्तनं वाढवली की ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि मोटारीत लोखंड कमी लागतं, आणि आकाशात सगळ्यात महाग वस्तू म्हणजे वजन. माणसांची विभागणीही झाली. पूर्वी आपल्याकडे विजेचं लायसन्स निराळं, उपकरणांचं निराळं, रेडिओचं निराळं. तिघांचे तीन सवतेसुभे. विमानात बिघाड झाला की आधी तो कुणाच्या हद्दीत झाला ह्यावर पोलिसांसारखी चर्चा व्हायची. आता आपल्याकडे ही चूल एक झाली आहे आणि तिला 'बी-टू' असं लायसन्स आहे.

मामांच्या धंद्याचा परिणाम घरावर झाल्याशिवाय कसा राहील? विमानातल्या तारांच्या जुड्या मेण लावलेल्या दोऱ्याने ठराविक अंतरावर, ठराविक गाठीने बांधतात. तार तारेला घासू नये, पत्र्याला घासू नये, म्हणून. त्यामुळे मामांनी बांधलेलं दिवाळीच्या फराळाचं पार्सल पाडव्याच्या आत कुणाला सुटलं नाही. काम संपलं की विमानात एकही हत्यार राहिलेलं नाही ना हे मोजून बघायचं, हा तिथला नियम. एक पक्कड आत राहिली तर विमान उडत नाही, ती सापडेपर्यंत सगळे जमिनीवर. मामा लग्नाच्या पंगतीनंतरही चमचे मोजायचे आणि एखादा कमी भरला की यजमानांपेक्षा पाहुणेच जास्त कावरेबावरे व्हायचे.

शेजारच्या बायका इस्त्री घेऊन यायच्या. मामा विचारायचे, "हिचं पुस्तक कुठाय?" इस्त्रीला पुस्तक असतं हे बायकांना ठाऊक नव्हतं. पुस्तकाशिवाय मामा स्क्रू फिरवत नसत. विमानात काहीही 'आठवून' करायचं नाही, उघडून वाचून करायचं. वीस वर्षं तेच काम केलं असलं तरी. शेवटी शेजारणी कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे जायच्या आणि तो पुस्तकाशिवाय इस्त्री दुरुस्त करून द्यायचा. आळीत मामांची किंमत आणखी उतरायची.

पण कहर व्हायचा तो फ्यूज गेल्यावर. मामा चिनीमातीचा फ्यूज काढायचे, नवी तार घालायचे, आणि तो खोचण्याआधी मामीला हाक मारायचे, "जरा इकडे ये. हे बघ." मामीचे हात कणकेचे. "अहो, मला ह्यातलं काय कळतंय?" त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं. "कळत नाही म्हणूनच बघ. मला कळतं, म्हणून मला जे असायला हवं तेच दिसतं." मग मामी बघायची. मग कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात दोन सह्या व्हायच्या. घातला : एक सही. पाहिला : दुसरी सही. त्यांच्याकडच्या कालनिर्णयावर संकष्टीशेजारी फ्यूज असायचा. विमानात दुसरी सही करणारा अर्थात जाणकार आणि लायसन्सवालाच लागतो. पण तत्त्व तेच. जिथे चूक झाली तर जीव जाईल, तिथे काम करणाऱ्याचे डोळे पुरत नाहीत. दुसऱ्या कुणीतरी, पहिल्यावर विश्वास न ठेवता, बघावं लागतं. आपल्याकडे हा मोठा अपमान समजतात. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं म्हणून माणसं ताटावरून उठतात. मामांच्या धंद्यात विश्वास न ठेवणं हीच एकमेकांविषयीची माया.

हे लाडाकोडाचं सोवळं नव्हे, हे सांगायला एकच गोष्ट पुरे. मार्च २००१ मध्ये फ्रँकफर्टला एक एअरबस ए-३२० उडालं. आदल्या दुरुस्तीत कॅप्टनच्या दांड्याकडून येणाऱ्या तारांच्या दोन जोड्यांची अदलाबदल झाली होती. तारा धडधाकट, जोड पक्के, फक्त ह्याच्या जागी तो. विमान जमिनीवरून उचललं आणि डावीकडे कललं. कॅप्टनने ते सावरायला दांडा उजवीकडे नेला, तर ते आणखीच डावीकडे! पंखाचं टोक जमिनीला टेकता टेकता राहिलं. शेजारच्या सहवैमानिकाने आपल्या दांड्याने ताबा घेतला आणि विमान सुखरूप परत उतरवलं. दुसरी नजर जमिनीवर चुकली होती, दुसरे हात आकाशात होते म्हणून माणसं घरी गेली.

प्रत्येक वेळी असं होत नाही. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीला उतरणाऱ्या एका ट्रायस्टार विमानात पुढचं चाक बाहेर आल्याचा दिवा लागेना. चाक व्यवस्थित बाहेर आलेलं होतं. गेला होता तो बल्ब. विमान दोन हजार फुटांवर आपोआप उडायला लावून सगळे त्या बल्बाच्या मागे लागले. तेवढ्यात उंची राखणारी यंत्रणा नकळत सुटली, आणि विमान हळूहळू, कुणालाही धक्का न बसता, खाली येत येत दलदलीत गेलं. १७६ पैकी १०१ माणसं दगावली. मामा दिवाळीच्या माळेतला गेलेला बल्ब काढतानासुद्धा फार वेळ गप्प असायचे, ते ह्यामुळे असावं.

आणि एक तारीख तर आपल्या दारातली. १ जानेवारी १९७८. एअर इंडियाचं 'एम्परर अशोका' हे जंबो विमान संध्याकाळनंतर मुंबईहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं होती. एकही वाचलं नाही. चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा : विमान उजवीकडे वळून सरळ झालं होतं, पण कॅप्टनच्या समोरचं कृत्रिम क्षितिज ते अजून उजवीकडेच कललेलं दाखवत राहिलं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश. खरं क्षितिज कुठेच नाही. कॅप्टनने त्या डबीवर विश्वास ठेवला आणि विमान डावीकडे कलवलं, आणखी कलवलं. सहवैमानिकाच्या समोर दुसरं क्षितिज होतं, मध्ये तिसरंही होतं. पण तीन साक्षीदारांत खोटं कोण बोलतंय हे ताडायला सेकंदच हातात होते. पुढे अमेरिकेत उपकरणं आणि विमान बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे झाले. तिथल्या न्यायालयाने ते १९८५ मध्ये फेटाळले.

मामांचा त्या विमानाशी काही संबंध नव्हता. त्यांची कंपनीही दुसरी. पण त्या नव्या वर्षी ते आठवडाभर नीट जेवले नाहीत. मी तेव्हा शाळेत होतो. मी विचारलं, "मामा, यंत्र बंद पडलं तर एवढं होतं?" ते म्हणाले, "बंद पडलेलं यंत्र प्रामाणिक असतं रे. चालू राहून खोटं सांगतं ना, त्याची भीती." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "वरच्याने हात वर केले तर चालतं. त्याचे हात आमच्या हातांवर असतात."

आता ह्या गोष्टीला इतकी वर्षं झाल्यावर विमानं शहाणी झाली आहेत असं म्हणतात. उडता उडता आपल्या दुखण्याची वर्दी ती स्वतःच खाली पाठवतात. पण विमान शहाणं झालं म्हणून माणसं होतात असं नाही. ए-३८० हे जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान बांधायला घेतलं तेव्हा त्यात सुमारे ५३० किलोमीटर तार घालायची होती. म्हणजे मुंबईहून निघून गोव्याला पोचावं आणि वाटेत चार मावश्यांना भेटावं एवढी. तारांच्या जुड्या जर्मनीत हॅम्बुर्गला तयार झाल्या आणि फ्रान्समध्ये तुलूजला जोडायला आणल्या, तर त्या पुरेनात! काही इंचांनी तोकड्या. झालं होतं एवढंच, की दोन्हीकडचे लोक एकाच संगणकी आराखड्याच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. वरपक्षाने अंगरख्याचं माप आपल्या शिंप्याकडे द्यावं, वधूपक्षाने कापड आपल्या शिंप्याकडून शिवून आणावं, आणि ऐन मुहूर्तावर बाही कोपराशी अडकावी, तशातली गत. शेवटी काय? हजाराहून अधिक जर्मन कामगार तुलूजला येऊन राहिले आणि हातांनी तारा ओढत बसले. विमान ग्राहकाच्या हाती पडलं ते ऑक्टोबर २००७ मध्ये, ठरल्यापेक्षा सुमारे दोन वर्षं उशिरा. जगातल्या सगळ्यात आधुनिक विमानाला शेवटी चार्ली टेलरच लागला.

त्या चार्ली टेलरचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. पैसा जमिनीत घातला तो मंदीत बुडाला, तब्येत गेली, आणि १९५५ मध्ये लॉस एंजेलिसच्या सरकारी इस्पितळात धर्मादाय खाटेवर तो लोकांना सापडला. मग विमानवाल्यांनी वर्गणी काढून त्याची सोय केली. जानेवारी १९५६ मध्ये तो गेला. त्याचा वाढदिवस २४ मे. आता तो विमानाच्या मेकॅनिकांचा दिवस म्हणून साजरा होतो. दुकान सांभाळणाऱ्याचा फोटो निघाला, पण जरा उशिरा निघाला.

मामाही आता नाहीत. त्यांच्या सह्यांची रजिस्टरं कुठल्या तरी कपाटात असतील किंवा रद्दीत गेली असतील. त्यांनी जोडलेल्या तारांमुळे कुठे काय झालं ह्याची हकीकत सांगायला माझ्याकडे काही नाही, कारण काही झालं नाही. सगळी विमानं उडाली, सगळी उतरली, माणसं सामानाच्या पट्ट्याशी भांडून घरी गेली. ह्या धंद्यात चरित्र लिहायला विषय मिळाला नाही म्हणजे माणूस मोठा.

तेव्हा पुढच्या वेळी खिडकीची जागा मिळाली तर एक करा. ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलून बाजूला झाला की खाली, पंखाच्या पुढे, कानाला यंत्र लावलेला एक माणूस उभा दिसेल. विमान ढकलताना पुढच्या चाकाला जी खीळ घालतात, ती त्याने काढलेली असते. तिला लाल फीत असते. ती खीळ तो पायलटला दिसेल अशी उंच धरतो. बघा, ही काढली, मोजली, माझ्या हातात आहे, आता तुम्ही निघा. खिडकीतली मुलं समजतात की तो आपल्यालाच टाटा करतोय, आणि उलट टाटा करतात. करू द्यावं. माझ्या माहितीत हात वर करून 'जबाबदारी माझी' असं सांगणारी माणसं फार थोडी उरली आहेत, आणि त्यातला एक रोज तिथे खाली, उन्हात उभा असतो.